वजन, अवधान आणि हजेरीपट

लहानपणी चंचल, मोठेपणी लठ्ठ आणि लठ्ठपणावर शस्त्रक्रिया केली तरी वजन पुन्हा चढणार, अशी तीन कड्यांची एक साखळी आरोग्यविषयक लेखनात आता रुजू लागली आहे. तिच्यामागे खरे संशोधन आहे, त्यामुळे ती हसण्यावारी नेता येत नाही. पण कड्या किती पक्क्या आहेत हे पाहिल्याशिवाय ती मान्यही करता येत नाही. या लेखात एकेक कडी ओढून पाहू.

जुन्नर-आंबेगावातल्या शिक्षकाला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. कर्तव्य दोन प्रकारचे आहे. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने या दोन तालुक्यांचा पूर्वभाग पालटला. ऊस, द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा यांच्या पैशाबरोबर मोटारसायकल दारात आली, चालणे सुटले, मधुमेह घरात आला. पश्चिमेला भात आणि हिरड्यावर जगणाऱ्या गावांत मात्र मुलांच्या वजनाची काळजी उलट दिशेची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली, आणि त्याच राज्यातील सुमारे 23 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या होत्या. आपल्या तालुक्यांत ही दोन्ही टोके एका एस.टी.च्या अंतरावर आहेत. दुसरे कर्तव्य अधिक जवळचे आहे. या साखळीचा सारा भार ‘लहानपणी चंचल’ या पहिल्या दोन शब्दांवर आहे, आणि त्या शब्दांचा शाळेइतका साक्षीदार दुसरा कोणी नाही.

प्रथम विकाराविषयी. बसल्या जागी चुळबुळ करणारे मूल नवीन नाही. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी 1902 साली अशा मुलांचे वर्णन व्याख्यानांतून केले होते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या विकारसूचीत 1980 साली ‘अवधान-न्यूनता’ हे नाव आले, 1987 साली त्याला ‘अतिचंचलता’ जोडली गेली, आणि 2013 च्या आवृत्तीत आजचे निकष ठरले. अवधानाची नऊ आणि चंचलता-उतावीळपणाची नऊ अशी लक्षणे आहेत. मुलामध्ये कोणत्याही एका गटातील निदान सहा, सतरा वर्षांपुढील व्यक्तीत निदान पाच, सहा महिने टिकलेली हवीत. ती किमान दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेत किंवा कामावर, दिसली पाहिजेत. त्यातली काही बाराव्या वर्षाआधी असली पाहिजेत, त्यांनी रोजच्या जगण्यात खरोखर अडथळा आणलेला हवा, आणि दुसऱ्या कोणत्या कारणाने ती नीट समजत नसावीत. शेवटची अट वाचायला सर्वांत सोपी आणि पाळायला सर्वांत अवघड. रक्ताक्षय, कमी दिसणे, कमी ऐकू येणे, अपुरी झोप, घरची ठाकरी बोली आणि पुस्तकाची मराठी यांतले अंतर, यांपैकी प्रत्येक गोष्ट वर्गात ‘लक्ष नाही’ याच वेशात येते.

आता पहिली कडी. सॅम्युएल कोर्टेसे आणि सहकाऱ्यांनी 2016 साली 42 अभ्यासांतील सात लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली. अवधान-न्यूनता असलेल्या प्रौढांत लठ्ठपणाचे प्रमाण सुमारे 28 टक्के, नसलेल्यांत सुमारे 16 टक्के निघाले. मुलांमध्ये हेच आकडे सुमारे 10 आणि 7 होते. संबंध आहे, हे यातून मान्य करावे लागते. पण तो केवढा आहे, हेही त्याच आकड्यांत आहे. विकार असलेल्या दर दहा मुलांपैकी नऊ लठ्ठ नव्हती. ‘चंचल मूल लठ्ठ होते’ हे वाक्य या अभ्यासातून निघत नाही. निघते ते इतकेच, की चंचल मुलांत लठ्ठ होणारी थोडी अधिक असतात.

संबंधाची दिशा हा आणखी वेगळा प्रश्न. उतावीळपणामुळे माणूस समोर येईल ते खातो, जेवण चुकवतो आणि मग रात्री भरमसाट खातो, हा मार्ग पटण्याजोगा आहे. पण उलटाही एक मार्ग आहे. अतिलठ्ठ माणसाचा श्वास झोपेत वारंवार अडतो, घोरणे मधेच थांबते, झोप तुटते. असा माणूस दिवसभर पेंगतो, विसरतो, कामे अर्धवट टाकतो. त्याच्या हाती प्रश्नावली दिली तर तो प्रामाणिकपणे ‘नेहमी’ या रकान्यात खुणा करील. शस्त्रक्रियेपूर्वीच्या रुग्णांवरच्या अभ्यासांत बऱ्याचदा अशीच स्वतः भरायची प्रश्नावली वापरली गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रौढांसाठीच्या प्रश्नावलीत 18 प्रश्न आहेत आणि तिची छोटी आवृत्ती सहा प्रश्नांची आहे. तिचे काम चाळणीचे. चाळणीत उरलेल्या सर्वांना विकार आहे असे धरले की टक्केवारी फुगते, आणि लठ्ठ माणसे मुळातच ‘बेशिस्त’ असतात या जुन्या समजुतीला शास्त्राचा शिक्का मिळतो. ही टीका प्रश्नावलीवर नाही, ती वाचणाऱ्यांवर आहे.

कोर्टेसे यांच्या आढाव्यात असेही दिसले, की औषध घेणाऱ्यांत लठ्ठपणाचा धोका तितका वाढलेला नव्हता. याच धाग्यावर टोरांटोच्या लान्स लेव्ही यांचा 2009 चा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. कोणत्याही उपायाने वजन न उतरलेल्या 242 जणांपैकी 78 जणांत त्यांना अवधान-न्यूनता आढळली. त्यांतील 65 जणांनी औषध घेतले आणि सरासरी सव्वा वर्षात त्यांचे वजन सुमारे 12 टक्क्यांनी घटले. उरलेल्या 13 जणांनी औषध घेतले नाही किंवा सोडले. त्यांचे वजन सुमारे 3 टक्क्यांनी वाढले. आकडे लक्षवेधक आहेत. पण नववीच्या विद्यार्थ्यालाही यातले दोन दोष दाखवता येतील. कोण कोणत्या गटात जाणार हे नाणे उडवून ठरलेले नव्हते. औषध सोडणारा माणूस डॉक्टरकडे जाणे, खाणे सांभाळणे हेही सोडत असेल, तर फरक औषधाचा की माणसाचा? दुसरा दोष अधिक मूलभूत आहे. ही उत्तेजक औषधे भूकच मारतात. त्यांच्या भावंडांतली ॲम्फेटामिने विसाव्या शतकाच्या मध्यात वजन उतरवण्याच्या गोळ्या म्हणूनच खपत होती. तेव्हा घटलेले वजन अवधान सुधारल्याचा पुरावा म्हणून मांडणे म्हणजे उपाशी माणूस बारीक झाला यावरून त्याची शिस्त सिद्ध करणे होय.

तिसऱ्या कडीकडे वळण्यापूर्वी शस्त्रक्रिया म्हणजे काय ते थोडे पाहू, कारण तिच्यात अवधानाचा प्रश्न का येतो हे त्याशिवाय कळत नाही. एका प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा थोडा अधिक भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न मधला टप्पा टाळून जाते. पोट लहान होते एवढाच याचा अर्थ नाही. भुकेची वर्दी देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. तो भाग गेला की भुकेचा निरोपच क्षीण होतो. आतड्यातून निघणारी, तृप्ती सांगणारी संप्रेरके वाढतात. मधुमेह वजन उतरण्याआधीच सुधारू लागतो तो काही अंशी याच कारणाने.

मात्र शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभराची शिस्त मागे लागते. घास लहान, चावणे फार. जेवताना पाणी नाही. प्रथिने आधी. लोह, कॅल्शियम, ब-12 यांच्या गोळ्या कायमच्या. चुकल्या तर रक्ताक्षय होतो, नसांवर परिणाम होतो. गोड पेय घाईने प्यायले तर घाम, धडधड, चक्कर. आपल्याकडच्या पंगतीत बसून हे सारे पाळून पाहावे. आण्याच्या यात्रेतली आमटी-भाकरी किंवा लग्नातली मासवडी समोर आल्यावर चार घासांत थांबायचे आणि आग्रह करणाऱ्या मामांना कारण सांगत बसायचे, हे अवधान शाबूत असलेल्यालाही जड जाते. ज्याला क्रम लावणे, वेळ पाळणे, मोह आवरणे हेच कठीण, त्याची शस्त्रक्रिया फसणार असा तर्क कोणीही करील. शिवाय आतड्याचा मार्ग बदलल्यावर हळूहळू विरघळणाऱ्या गोळीतले औषध किती आणि केव्हा रक्तात उतरेल हेही बदलू शकते, म्हणून अवधानाच्या औषधाची मात्रा पुन्हा पाहावी लागते.

तर्क सुंदर आहे. पण पुरावा त्याला साथ देत नाही, निदान अजून तरी. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या शल्यचिकित्सकांनी 2019 साली उपलब्ध अभ्यास एकत्र केले. अभ्यास मोजकेच होते आणि सर्व मिळून रुग्ण सुमारे पाचशे. शस्त्रक्रियेनंतरच्या बॉडी मास इंडेक्समध्ये, म्हणजे किलोग्रॅममधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग या आकड्यात, विकार असलेले आणि नसलेले यांच्यात ठळक फरक दिसला नाही. फरक दिसला तो दुसरीकडे: विकार असलेले रुग्ण पुनर्तपासणीला येण्यात मागे पडत होते.

यावर दोन घाईचे निष्कर्ष निघू शकतात. ‘फरक नाही, मग काळजी नाही’ हा एक, आणि ‘पाहा, चंचल माणसे तपासणीलाही येत नाहीत’ हा दुसरा. दोन्ही का कच्चे आहेत हे सरासरीच्या साध्या गणिताने दाखवता येते. हे गणित काल्पनिक आहे, वर्गात फळ्यावर करून पाहावे. समजा 20 रुग्णांना विकार आहे आणि 80 जणांना नाही. वर्षाने पहिल्या गटातील 10 आणि दुसऱ्यातील 64 जण तपासणीला आले. आलेल्या प्रत्येकाचे वजन 30 किलोने उतरले आहे. दोन्ही गटांची सरासरी 30, फरक शून्य. आता न आलेल्यांचे वजन फक्त 10 किलोने उतरले असेल तर? पहिल्या गटाची खरी सरासरी 20 होते, दुसऱ्याची 26. फरक होता, तो फक्त दवाखान्याच्या दारापर्यंत आला नाही. उलट, न आलेल्यांचेही 30 किलोच उतरले असेल आणि ‘बरे वाटतेय, कशाला जायचे’ म्हणून ते घरी राहिले असतील, तर फरक खरोखर शून्य. वहीतल्या नोंदी दोन्ही वेळा अगदी सारख्याच. जे आले नाहीत त्यांच्या घरी जाऊन वजन केल्याखेरीज यातले खरे कोणते हे कोणत्याही संख्याशास्त्राला सांगता येत नाही.

ते आले का नाहीत, हा प्रश्न तर या अभ्यासांच्या अंगणात फारसा शिरतच नाही. परदेशी दवाखान्याच्या वहीत ‘आला नाही’ असे लिहिले की ते रुग्णाच्या स्वभावाच्या खात्यावर जमा होते. आपल्या तालुक्यांतून हे वाचणाऱ्याला वेगळे दिसते. पुणे मंचरहून सुमारे 60 किलोमीटर, नारायणगावहून 75, जुन्नरहून 90 च्या वर. चाकणची कोंडी वेगळी. आहुप्यासारख्या गावातून निघणाऱ्याला आधी घोडेगाव गाठायचे, मग पुढचे बोलायचे. पहिल्या वर्षी तीन-चार आणि पुढे दरसाल एक खेप, प्रत्येक वेळी एक रोज बुडणार आणि सोबत येणाऱ्याचाही बुडणार. ज्याने खेप चुकवली त्याचे अवधान कमी होते की त्याच्या खिशात पैसे कमी होते? ही नोंद अवधानाबरोबरच अंतर, मजुरी आणि शेतीचा हंगाम यांचीही बेरीज असते. तिला एकट्या अवधानाचे नाव देणे ही मोजमापाची चूक आहे.

ही चूक आपल्याला परकी नाही. कांदा काढणीच्या दिवसांत हजेरीपटावर पडणाऱ्या गैरहजेरीच्या खुणा आणि प्रगतिपुस्तकातला ‘अनियमित, अभ्यासात रस नाही’ हा शेरा यांच्यात नेमके हेच नाते असते. शेतीपंपाला रात्रपाळीने वीज मिळत असलेल्या वर्षांत बापाला पाणी धरायला रात्री जावे लागे, बिबट्याच्या भीतीने बॅटरी घेऊन पोरगा बरोबर जाई, आणि सकाळी दुसऱ्या तासाला तो पेंगे. विकारसूचीतल्या अवधानाच्या लक्षणांपैकी निम्मी तरी त्या पोराला त्या आठवड्यात लागू पडली असती. सहा महिन्यांची आणि दोन ठिकाणांची अट कशासाठी आहे ते अशा वेळी ध्यानात येते.

शस्त्रक्रियेचे यश किलोत मोजण्याविषयीही एक तक्रार नोंदवली पाहिजे. 2017 साली इजिप्तहून मुंबईत आणलेल्या इमान अहमद यांच्या वेळी वृत्तपत्रांतून रोज वजनाचा आकडा छापून येत होता, आणि पुढे डॉक्टर व नातेवाईक यांच्यात त्या आकड्यावरूनच जाहीर वाद झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबी येथे त्यांचा मृत्यू झाला. याच्या उलट, स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या अभ्यासात 4,047 लठ्ठ व्यक्तींवर सरासरी सुमारे अकरा वर्षे लक्ष ठेवले गेले आणि मोजले ते मृत्यू: शस्त्रक्रिया झालेल्या गटात 101, न झालेल्या गटात 129. अवधान-न्यूनतेच्या रुग्णांविषयी असा दीर्घ मुदतीचा प्रश्न विचारायला हवा. बारा महिन्यांच्या वजनावर त्याचा निकाल लागत नाही. आणि वजन-उंचीचा हा आकडा आपल्या लोकांबाबत तर आणखी फसवा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा आकडा 22.3. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. एकच आकडा, दोन शरीरे. भारतीयांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरतात ती याच कारणाने.

आता ‘लहानपणी’ या शब्दाकडे येऊ. चाळिशीतल्या रुग्णाला डॉक्टर विचारतात, बाराव्या वर्षाआधी ही लक्षणे होती का? तो आठवून सांगतो. आठवण किती खरी? न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे 1972-73 साली जन्मलेल्या 1,037 मुलांचा पाठपुरावा सुरू आहे. त्यावर आधारित 2015 च्या लेखात असे दिसले, की 38 व्या वर्षी अवधान-न्यूनतेची लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के लोकांना लहानपणी हा विकार नव्हता. त्या वेळच्या नोंदी जपलेल्या होत्या म्हणून हे कळले. आणि ज्यांना तो होता त्यांच्यापैकी अनेकांच्या आईवडिलांना पुढे ते आठवत नव्हते. म्हणजे आठवणीवर बेतलेल्या निदानात दोन्हीकडून घसरण होते. शस्त्रक्रियेच्या अभ्यासांतील ‘अवधान-न्यूनतेचे रुग्ण’ या गटात कोण कोण बसले आहे, याची शंका इथून सुरू होते.

ड्युनेडिनकडे होत्या तशा नोंदी आपल्याकडे कागदोपत्री आहेत. 2010 पासून महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी प्रत्येक शिक्षक लिहितो. कशा लिहितो हेही आपल्याला ठाऊक आहे: तयार नोंदींची पुस्तिका समोर ठेवून, सत्राच्या शेवटी, पटाच्या क्रमाने. ‘चंचल आहे’, ‘लक्ष केंद्रित करण्याची गरज’ ही वाक्ये त्या पुस्तिकांतली. त्यांत ना दिवस, ना प्रसंग, ना ठिकाण. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक 2013 पासून शाळांत येते. त्यांच्या तपासणीच्या यादीत अवधान-न्यूनता आहे, दृष्टी, श्रवण आणि रक्ताक्षयही आहे. एका दिवसात शेकडो मुले पाहणाऱ्या त्या डॉक्टरांना शिक्षकाने काय हातात द्यावे? निदान देऊ नये, औषधाचे नाव तर नाहीच. निरीक्षण द्यावे. नमुन्यादाखल, एका कल्पित मुलाविषयी:

‘इयत्ता तिसरी. जुलै: तिसऱ्या रांगेतून फळ्यावरचे उतरवताना ओळी गाळतो, पहिल्या रांगेत बसवल्यावर गाळणे तेवढेच राहिले. ऑगस्ट: गोष्ट ऐकतानाही पाच मिनिटांत उठतो, मैदानावर खेळात पाळी येईपर्यंत थांबत नाही. आई सांगते, घरी जेवताना तीन-चारदा ताट सोडून उठतो, दोन वर्षांपासून. जानेवारी: तसेच. मार्च: दहा दिवस गैरहजर, कांदा काढणी, आल्यावर दुपारी पेंगतो. हे पेंगणे यापूर्वी नव्हते.’